साचा आणि स्वभाव : जैन कथासाहित्यातील पात्रचित्रणाचा मागोवा

कंजूष वाणी, निर्दय सावकार, विक्राळ राक्षस, कपटी सावत्र आई, ढोंगी संन्यासी ही पात्रे कोणत्याही कथेत, नाटकात वा चित्रपटात प्रवेश करताच ओळखू येतात. त्यांचे बोलणे, चालणे, वेष आणि अखेर या साऱ्या गोष्टी वाचकाला अगोदरच ठाऊक असतात. अशा साचेबंद पात्रांमुळे लेखकाचे श्रम वाचतात आणि प्रेक्षकाचीही सोय होते. संस्कृत नाट्यपरंपरेने तर विदूषक, विट, शकार असे साचे शास्त्रानेच मान्य केले होते. नायकाचेही धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत असे चार प्रकार ठरवून दिले होते. त्यामुळे साचा वापरणे हा स्वतःच दोष म्हणता येत नाही. एका पात्राचा साचा हळूहळू एका संपूर्ण जमातीवर, पंथावर किंवा व्यवसायावर चिकटतो आणि कथेबाहेरचा माणूसही त्याच मापाने मोजला जाऊ लागतो, तेव्हा प्रश्न निर्माण होतो.

या प्रश्नाशी जैन परंपरेचा संबंध फार जुना व तिहेरी आहे. इतरांवर बसवलेले साचे जैन कवींनी मोडून काढले; जैन साधूंवर व श्रावकांवर इतरांनी बसवलेले साचे या समाजाने सोसले; आणि काही साचे जैन ग्रंथकारांनी स्वतःही वापरले. या तिन्ही बाजूंचा एकत्र विचार केल्यास भारतीय कथासाहित्याच्या इतिहासातील एक बोधप्रद प्रकरण समोर येते.

श्रेणिक राजाची शंका

विमलसूरींचे 'पउमचरिय' हे उपलब्ध जैन रामकथांतील सर्वांत प्राचीन काव्य. ते महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत रचलेले आहे, ही महाराष्ट्रातील वाचकांना विशेष जिव्हाळ्याची गोष्ट होय. ग्रंथात वीरनिर्वाणानंतरच्या ५३० वर्षांचा उल्लेख आहे. आधुनिक संशोधकांपैकी अनेकांचा कल मात्र इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकाकडे आहे. ११८ उद्देशांचे हे काव्य जर्मन पंडित हर्मन याकोबी यांनी संपादित केले आणि १९१४ मध्ये ते भावनगर येथून प्रसिद्ध झाले.

या काव्याचा आरंभच एका शंकेने होतो. मगधाचा राजा श्रेणिक गौतम गणधरांपुढे आपले मन मोकळे करतो. लोकांत प्रचलित असलेल्या रामकथेतील अनेक गोष्टी त्याच्या बुद्धीला पटत नाहीत. रावणासारखा विद्यावान व कुलीन राजा मांसभक्षक राक्षस कसा असेल? कुंभकर्ण सहा सहा महिने झोपून राहील आणि जागा झाल्यावर हत्तीसारखे प्राणी गिळील हे कसे संभवते? वानरांनी एवढ्या बलाढ्य वीरांचा पराभव कसा केला? श्रेणिकाचे हे प्रश्न वरवर चमत्कारांविषयी आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी पात्रचित्रणाचा प्रश्न आहे. शत्रूला राक्षस म्हटले, त्याला दहा तोंडे दिली आणि त्याच्या ताटात मांस वाढले की त्याच्या मनाचा विचार करण्याची गरजच उरत नाही, हे या राजाने ओळखले होते.

गौतम गणधरांचे उत्तर साच्याच्या मुळावरच घाव घालते. राक्षस हे एका विद्याधर वंशाचे नाव आहे, ती माणसे खाणारी जात नव्हे. वानर हीदेखील माकडे नव्हेत. ज्यांच्या ध्वजावर व मुकुटावर वानराचे चिन्ह होते असे ते विद्याधर होत. रावणाला दहा तोंडे नव्हती. बालपणी त्याने गळ्यात घातलेल्या रत्नहारात त्याच्या मुखाची नऊ प्रतिबिंबे उमटली, म्हणून तो दशमुख म्हणवला गेला. नावे तीच राहिली, प्रसंगही बहुतेक तेच राहिले. परंतु त्या नावांमागे माणूस उभा राहिला.

रावण, वाली आणि कैकेयी

विमलसूरींचा रावण निर्दोष नाही. त्याने सीतेचे हरण केले आणि त्या पापाचे फळ म्हणून तो नरकात जातो. जैन पुराणरचनेत त्रेसष्ट शलाकापुरुष मानले जातात : चोवीस तीर्थंकर, बारा चक्रवर्ती, नऊ बलदेव, नऊ वासुदेव आणि नऊ प्रतिवासुदेव. त्यांत राम हा बलदेव, लक्ष्मण हा वासुदेव आणि रावण हा प्रतिवासुदेव आहे. येथे रावणाचा वध राम करीत नाही. तो लक्ष्मणाच्या हातून होतो. पराभव ज्याच्या वाट्याला ठरलेला आहे त्या प्रतिवासुदेवालाही जैन परंपरेने शलाकापुरुषांच्या पंक्तीत बसवले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

हा रावण जिनभक्त आहे. अनंतवीर्य केवलींसमोर त्याने व्रत घेतले आहे की, आपली इच्छा न करणाऱ्या परस्त्रीचा आपण कधीही उपभोग घेणार नाही. सीतेच्या मोहाने तो अंध होतो, तरी हे व्रत मोडत नाही. युद्धाच्या ऐन भरात शांतिनाथांच्या मंदिरात साधना करून तो बहुरूपिणी विद्या प्राप्त करतो. त्यानंतर तो सीतेसमोर येतो, तेव्हा रामाच्या काळजीने मूर्च्छित झालेल्या सीतेला पाहून त्याचे मन द्रवते. आपण या निष्ठावान जोडप्याची ताटातूट केली, याचा त्याला पश्चात्ताप होतो. सीतेला परत करावे असे त्याला वाटते. परंतु आता परत केले तर लोक आपल्याला भेकड म्हणतील, ही शंका त्याला ग्रासते. म्हणून प्रथम राम-लक्ष्मणांना युद्धात जिंकावे आणि मग सन्मानाने सीता परत द्यावी, असे तो ठरवतो. हा अभिमानच त्याच्या नाशाला कारणीभूत होतो. योग्य काय ते कळूनही केवळ लोकलज्जेपायी चुकीच्या वाटेवर चालत राहणारा माणूस प्रत्येक काळात आणि प्रत्येक घरात आढळतो. राक्षसाच्या साच्यात त्याला जागा नव्हती. पुढे अनेक जन्मांनंतर हाच जीव तीर्थंकरपदाला पोहोचेल, असे ही कथा सांगते.

वालीचेही तसेच आहे. विमलसूरींच्या कथेत राम वालीला झाडाआडून मारीत नाही. रावणाशी संघर्षाचा प्रसंग येताच वाली राज्य सुग्रीवाला देऊन दीक्षा घेतो. पुढे कैलास पर्वत उचलू पाहणाऱ्या रावणाचा गर्व हा तपस्वी वालीच पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबून उतरवतो. कैकेयीविषयीची मांडणी अधिकच हृद्य आहे. दशरथ दीक्षा घ्यायला निघाला आहे आणि भरताचे मनही वैराग्याकडे ओढले गेले आहे. पती तर जाणारच. निदान पुत्राने तरी घरात राहावे, या व्याकुळतेतून ती त्याच्यासाठी राज्य मागते. पुढे रामाला परत आणण्यासाठी ती स्वतः भरताबरोबर वनात जाते. कपटी सावत्र आईच्या जागी येथे एक भांबावलेली माता दिसते.

या मार्गाने पुढे अनेक कवी गेले. सातव्या शतकात रविषेणाचार्यांनी संस्कृतात 'पद्मचरित' लिहिले, स्वयंभूंनी अपभ्रंशात 'पउमचरिउ' रचले आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा'च्या सातव्या पर्वात जैन रामायण सांगितले. नवव्या शतकातील गुणभद्राचार्यांच्या 'उत्तरपुराणा'ने वेगळी वाट घेऊन सीता ही रावणाचीच कन्या असल्याची कथा दिली. प्राचीन मराठी जैन साहित्यात गुणकीर्तींनी 'पद्मपुराण' रचण्यास आरंभ करून ही परंपरा ओवीबद्ध मराठीत आणली.

रंगभूमीवरील क्षपणक

राक्षसाला माणूस म्हणून पाहणाऱ्या या परंपरेच्या साधूंना संस्कृत रंगभूमीवर मात्र बहुधा वेगळी वागणूक मिळाली. तेथे जैन साधू येतो तो 'क्षपणक' या नावाने. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात जीवसिद्धी नावाचा क्षपणक आहे. तो वस्तुतः चाणक्याचा मित्र व हेर असून त्याने साधूचा वेष घेतलेला आहे. अमात्य राक्षस ज्योतिषी बोलावतो आणि दारात क्षपणक आल्याचे कळताच त्याला अपशकुन झाल्यासारखे वाटते. प्रेक्षकांना या प्रसंगाचे स्पष्टीकरण द्यावे लागत नव्हते, यावरूनच तो साचा किती रुळलेला होता हे समजते.

अकराव्या शतकात चंदेल राजा कीर्तिवर्मन याच्या आश्रयाने कृष्णमिश्रांनी 'प्रबोधचंद्रोदय' हे रूपकात्मक नाटक लिहिले. त्याच्या तिसऱ्या अंकात दिगंबर साधू, बौद्ध भिक्षू आणि कापालिक एकमेकांना भेटतात. कापालिकाच्या मद्याला व त्याच्या सहचारिणीच्या मोहाला दिगंबर आणि भिक्षू दोघेही बळी पडतात आणि नशेत नाचू लागतात. तत्त्वज्ञानाचा प्रतिवाद युक्तिवादाने करण्याऐवजी त्या तत्त्वाच्या अनुयायाला हास्यास्पद करणे सोपे असते. कठोर व्रतस्थ जीवन जगणाऱ्या मुनीला मद्यपी म्हणून उभे करण्यात नाटककाराने हाच सोपा मार्ग पत्करला.

याला जैन लेखकांनी कसे उत्तर दिले? गुजरातचा राजा अजयपाल याच्या सेवेतील मंत्री यशःपाल यांनी बाराव्या शतकात 'मोहराजपराजय' हे पाच अंकी नाटक लिहिले. महावीर उत्सवाच्या प्रसंगी ते थराद येथील कुमारविहारात सादर झाले. कृष्णमिश्रांप्रमाणेच तेही रूपकात्मक आहे. परंतु त्यातील खलपात्रे पाहण्यासारखी आहेत. राजा कुमारपालाचा विवाह कृपासुंदरीशी होतो आणि राज्यातून घालवून दिले जातात ते द्यूत, मद्य, मांसाहार, हिंसा हे दुर्गुण. प्रतिपक्षाच्या साधूची विटंबना करून उट्टे काढण्यापेक्षा दुर्गुणालाच रंगमंचावर उभे करणे त्यांनी पसंत केले.

'पंचतंत्रा'चे उदाहरणही येथे आठवते. त्याच्या पाचव्या तंत्रात मणिभद्र नावाच्या दरिद्री झालेल्या श्रेष्ठीची कथा आहे. स्वप्नात सांगितल्याप्रमाणे निधी क्षपणकाच्या रूपाने त्याच्या घरी येतो आणि मस्तकावर प्रहार करताच सोन्याचा होतो. हे पाहणारा न्हावी खऱ्याखुऱ्या क्षपणकांना घरी बोलावून त्यांच्यावर प्रहार करतो. 'पंचतंत्रा'ची एक प्रसिद्ध आवृत्ती ११९९ मध्ये सिद्ध करणारे पूर्णभद्र हे स्वतः जैन मुनी होते. ही कथा त्यांनी गाळली नाही. दुसऱ्या माणसाला केवळ लाभाची वस्तू समजण्याचा परिणाम काय होतो, हे ती कथाच सांगत होती.

विकाराचा चेहरा, माणसाचा नव्हे

आठव्या शतकातील हरिभद्रसूरींची 'समराइच्चकहा' एका थट्टेपासून सुरू होते. राजपुत्र गुणसेन पुरोहिताच्या कुरूप मुलाला, अग्निशर्म्याला, खेळणे करून टाकतो. त्याला नाचवतो, गाढवावर बसवून राजा म्हणून मिरवतो. अपमानित अग्निशर्मा तपस्वी होतो. पुढे राजा झालेला गुणसेन पश्चात्तापाने त्याला मासोपवासाच्या पारण्याचे निमंत्रण देतो. पण तीन वेळा काही ना काही कारणाने तपस्वी उपाशीच परत जातो. जुना अपमान पुन्हा जागा होतो आणि वैराचा जो निश्चय अग्निशर्मा करतो, तो नऊ जन्म पुरतो. माणसाच्या रूपावरून त्याचे सोंग करणाऱ्याला ते सोंग किती महाग पडते, हे याहून तीव्रतेने सांगणारी कथा विरळाच.

उद्योतनसूरींनी 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा इ. स. ७७९ मध्ये जाबालिपूर, म्हणजे आजचे जालोर येथे पूर्ण केली. तिचे चिकित्सक संपादन कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन करणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी केले. या कथेत चंडसोम, मानभट, मायादित्य, लोभदेव आणि मोहदत्त अशी पाच पात्रे आहेत. नावांवरूनच कळते की ती क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह यांची रूपे आहेत. याहून उघड साचा कोणता? परंतु उद्योतनसूरींनी त्या साच्यालाही दार ठेवले. लोभदेव उत्तरेकडून व्यापारासाठी आपल्या कोकणातील सोपाऱ्यास येतो, भद्रश्रेष्ठी नावाच्या व्यापाऱ्याबरोबर रत्नद्वीपाला जातो आणि परतताना साऱ्या धनाच्या लोभाने त्याच मित्राला समुद्रात ढकलतो. त्याचे पाप कथाकार झाकत नाही. पण कथाही तेथे संपवीत नाही. हालअपेष्टा भोगून तो धर्मनंदन आचार्यांपाशी येतो, दीक्षा घेतो आणि पुढील जन्मांत त्याचा जीव उन्नत होत जातो. लोभ ही त्याची अवस्था होती. ती कायमची ओळख ठरली नाही.

याच ग्रंथात विजयपुरीच्या बाजारपेठेचे वर्णन आहे. तेथे निरनिराळ्या देशांतून आलेल्या व्यापाऱ्यांची अंगकाठी, स्वभाव आणि बोलण्यातील शब्द नोंदवले आहेत. मराठे तेथे बळकट, बुटके, सावळे, सोशिक, पण अभिमानी व भांडखोर म्हणून येतात. मराठी भाषेच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून हा उतारा नेहमी सांगितला जातो. प्रांतोप्रांतीच्या लोकांचे साचे बाराशे वर्षांपूर्वीही तयार होते आणि थोर ग्रंथकारही त्यांपासून पूर्ण अलिप्त नव्हते, हेही त्यातून दिसते.

वाण्याच्या साच्याबद्दल दहाव्या शतकातील धनपालाची 'भविसयत्तकहा' पाहावी. हिचा नायक राजपुत्र नसून एका व्यापाऱ्याचा मुलगा आहे. सावत्र भाऊ बंधुदत्त त्याला निर्जन द्वीपावर सोडून निघून जातो. सज्जन भविष्यदत्त आणि विश्वासघातकी बंधुदत्त एकाच पित्याचे पुत्र, एकाच व्यवसायातले आणि एकाच संस्कारातले. चांगुलपणा वा दुष्टपणा जातीवर किंवा धंद्यावर ठरत नाही, हे कवीने उपदेश न करता दाखवले आहे.

स्वतःच्या घरातील साचे

इतिहासाचे लेखन प्रामाणिक असावे, तर जैन साहित्यातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. स्त्रीच्या चित्रणात अनेक ग्रंथकारांना साच्याबाहेर पडता आले नाही. यशोधराची कथा जैन परंपरेत अत्यंत लोकप्रिय. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या 'यशस्तिलक' ग्रंथाची मुख्य कथाही हीच. पिठाच्या कोंबड्याचा बळी देण्यातही संकल्पी हिंसा आहे, हा तिचा अमोल बोध. परंतु त्याच कथेत राणी अमृतमती एका कुबड्या माहुताच्या मोहात पडून पतीला व सासूला विष देते आणि तिच्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर चंचलतेचा ठपका येतो. विरक्तीचा उपदेश करण्यासाठी स्त्रीला मोहाचे मूर्तिमंत रूप करणे ही कथाकारांची जुनी सोय होती. चंदनबाला, राजीमती, अंजना यांच्या तेजस्वी कथा ज्या परंपरेत आहेत, तिने ही सोय टाळली असती तर ते तिला अधिक शोभून दिसले असते.

सावकाराची प्रतिमा

आधुनिक काळात महाराष्ट्रातील साहित्यात व चित्रपटात सावकाराचा साचा रूढ झाला. त्याची मुळे प्रत्यक्ष घटनांत आहेत. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले. शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे व वह्या हस्तगत करून जाळल्या. हे सावकार प्रामुख्याने मारवाडी व गुजराती होते. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यानंतर कापसाचे भाव कोसळले होते, साऱ्याची फेरआकारणी जाचक ठरली होती आणि न्यायालये कागदावरील सहीलाच प्रमाण मानीत होती. १८७९ मध्ये सरकारने दख्खन कृषक मदत कायदा केला. शेतकऱ्यांचे दुःख खरे होते आणि अनेक सावकारांचा जुलूमही खरा होता. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

पुढे कथाकारांनी या साऱ्या गुंतागुंतीला एकच चेहरा दिला. १९२५ मध्ये बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती. १९५७ च्या 'मदर इंडिया'तील सुखीलाल कन्हैयालाल यांच्या अभिनयामुळे घराघरांत पोहोचला. या कलाकृतींचे मोल मोठे आहे आणि त्यांत जैन धर्माचा संबंधही नाही. मात्र त्यांच्या मागून आलेल्या असंख्य दुय्यम कथांनी सावकार, मारवाडी, वाणी आणि जैन हे चार वेगळे शब्द एकाच अर्थाने वापरण्याची सवय लोकांना लावली. मारवाडी समाजात वैष्णव मोठ्या संख्येने आहेत. तर कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांतील जैन समाज प्रामुख्याने कसणारा शेतकरी आहे. ज्या शेतकऱ्याच्या बाजूने कथा लिहिली जात होती, त्याच्या शेजारच्या बांधावर जैन शेतकरीच राबत होता, हे कथेतून वगळले गेले. कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून बहुजनांच्या मुलांसाठी आपले आयुष्य वेचले. असा माणूस त्या साच्यात कोठे बसणार?

अनेकांताचा वारसा

एका वस्तूला अनेक धर्म असतात आणि एका बाजूने दिसलेले सत्य हे संपूर्ण सत्य नव्हे, हा अनेकांताचा सिद्धांत. जीव कर्माने बांधला जातो आणि पुरुषार्थाने मुक्तही होतो, हा कर्मसिद्धांत. विमलसूरींपासून उद्योतनसूरींपर्यंतच्या कवींनी हे दोन्ही सिद्धांत पात्रचित्रणात उतरवले, म्हणूनच त्यांचा रावण पश्चात्ताप करू शकला आणि त्यांचा लोभदेव बदलू शकला. साचेबंद पात्राला भूतकाळ नसतो आणि भविष्यही नसते. जैन कथेतील जीवाला मात्र अनंत भूतकाळ आहे आणि भव्य असेल तर मोक्षापर्यंतचे भविष्यही आहे.

हा वारसा केवळ ग्रंथभांडारात जपून ठेवण्याचा नाही. पर्युषणात व महावीर जयंतीला मुले नाटुकल्या सादर करतात, पाठशाळांसाठी कथापुस्तिका लिहिल्या जातात, बोधकथा सांगितल्या जातात. त्यांतील खलपात्र कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, कोणत्या भाषेचे दाखवले जाते? सून नेहमी उधळी आणि सासू नेहमी कजागच का असते? आपल्यावरील साच्याची वेदना ज्या समाजाने अनुभवली, त्याने दुसऱ्यावर तोच साचा बसवताना विशेष सावध राहिले पाहिजे. शब्दाने होणारी हिंसा हीदेखील हिंसाच होय. संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली असताना पुढील पिढीच्या हाती कोणत्या कथा द्याव्यात, याचा विचार करताना श्रेणिक राजाचा तो प्रश्न स्मरणात ठेवणे हितकारक ठरेल. दुसऱ्याविषयी सांगितलेली गोष्ट ऐकून मान डोलावण्यापूर्वी त्याने गणधरांना विचारले होते, की हे असेच आहे काय? विचारण्याचे ते धैर्य लहानथोर श्रावक-श्राविकांच्या ठायी कायम राहो.